ब्लॉक सातमधली सावली

१

माझं काम म्हणजे एका जागी बसून हिरवे चौकोन बघणे. बायको विचारते, एवढ्यासाठी माणूस लागतो का? लागतो. चौकोन हिरवा राहिला नाही तर कोणाला तरी शिव्या द्याव्या लागतात, त्यासाठी लागतो.

त्याआधी पंचवीस वर्षं मी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत होतो. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे माझं पक्कं मत आहे. माझ्यासमोर कोणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या तर मी उठून जातो. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं ऐकून मला वेड्यात काढायच्या आधी तुम्ही जरा थांबाल.

कंट्रोल रूम म्हणजे पत्र्याचा एक डबा. आत दोन स्क्रीन, एक चाक गेलेली खुर्ची, फोन आणि रजिस्टर. खिडकीला मी आतून पुठ्ठा लावलाय, कारण बाहेर नजर पोहोचेल तिथवर सोलरच्या प्लेटा आणि त्यांची चमक डोळ्यांत घुसते. त्या प्लेटांच्या जागी आमचं गाव होतं. गाव दोन किलोमीटर पलीकडे नेलं, एकसारख्या घरांच्या रांगांमध्ये, आणि जुनं गाव सपाट करून त्यावर या उभ्या केल्या. स्क्रीनवर दर चार प्लेटांमागे एक चौकोन दिसतो. वीज नीट येत असली की हिरवा, कमी झाली की पिवळा, फारच कमी झाली की काळा.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सोमवारी, बाराला दहा मिनिटं कमी असताना, ब्लॉक सातमधले दोन चौकोन पिवळे झाले. मग काळे. बारा पस्तीसला पुन्हा हिरवे. रजिस्टरमध्ये कारण द्यावं लागतं, आणि कारणं छापलेलीच आहेत: धूळ, पक्ष्यांची घाण, ढग, वायर. सावली हे कारण त्यात नाही. प्लेटांपेक्षा उंच असं काही तिथे शिल्लकच ठेवलेलं नाही, तर सावली पडणार कशाची? आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मी धुळीपुढे खूण केली आणि डबा उघडून जेवायला बसलो.

२

मंगळवारी तेच, बुधवारी तेच, फक्त बुधवारी काळे चौकोन दोनाचे तीन झाले होते. मी प्लेटा धुणाऱ्या बायकांना तिकडे पाठवलं. त्यांच्या मुकादमीणबाईला सगळे मावशी म्हणतात. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, पण तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नाही.

मावशी एक वाजता आली आणि म्हणाली, प्लेटा लखलखीत आहेत, उगाच आम्हाला उन्हात नाचवलंस. मग स्वतःच कबूल केलं की तसं ऊन काही लागलं नाही. त्या ओळींमध्ये इतकं गार होतं की सगळ्याजणी तिथेच जेवल्या आणि घटकाभर आडव्या झाल्या. मी म्हटलं, बाहेर बेचाळीस आहे. ती म्हणाली, तिथे नव्हतं. एसीत बसून तुझा मेंदू गोठलाय, जाऊन बघ म्हणाली. मी हसलो, तीही हसली.

दारातून बाहेर पडताना मात्र ती थांबली. म्हणाली, जागा चांगली आहे, पण आम्ही परत काही तिथे टेकणार नाही. का, विचारलं, तर नीट सांगता येईना तिला. आडवं झाल्यावर सारखं वाटत होतं की आपण वाटेत झोपलोय, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येतोय. दोघीजणींनी तर झोपेतच पाय आखडून घेतले. हे सांगून ती कामाला गेली, आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं, साफ केले.

३

आता बाबांबद्दल सांगायला हवं.

माझे बाबा शिंपी. चाळीस वर्षं घराच्या ओट्यावर मशीन मांडून बसले. मान खाली घालून शिवायचे, पण गल्लीतून कोण गेलं, कोण आलं, सगळं त्यांना ठाऊक. गाव हलवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी सह्या केल्या, एक आमचं घर सोडून. मला ही नोकरी हवी होती आणि घराची सही झाल्याशिवाय ती मिळणार नव्हती. महिनाभर मी त्यांच्या मागे लागलो, अबोला धरला, ताट बाजूला सारलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका दुपारी ते जेवून पेंगत असताना कागद पुढे केला आणि सांगितलं, विजेच्या मीटरचा आहे. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. माझ्यावर विश्वास होता ना.

हे बायकोलाही माहीत नाही. बाबांनी एका शब्दाने मला कधी जाब विचारला नाही. ते गेले ते मनाने. नव्या घरात आल्यापासून रोज संध्याकाळी, पाहुण्यांकडे आलेला माणूस विचारतो तसं विचारायचे, घरी कधी जायचं? सुरुवातीला मी चिडायचो. मग म्हणायला लागलो, जाऊ उद्या.

त्याच आठवड्यात ते दुपारचे घराबाहेर पडायला लागले. बायकोने दोनदा फोन केला. मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण एकच्या सुमाराला ते आपले आपण परत येत होते. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी अर्धी रजा घेऊन घरी होतो. ते दारातून आत आले आणि बायकोने त्यांना हाताला धरून बसवलं, तर तिने हात चटकन मागे घेतला. म्हणाली, बघा हो हात लावून. मी लावला. भर दुपारी दोन किलोमीटर चालून आलेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, अंगाला घामाचा टिपूस नाही, आणि हात माठासारखे गार.

भुवयांवर काहीतरी पांढरं होतं. मला वाटलं धूळ. चिमटीत घेऊन चोळलं तर पीठ. नुकतं दळून आणलेलं पीठ असतं तसं, कोमट. नव्या वसाहतीत पिठाची गिरणी नाही. आम्ही पिशवीतलं पीठ आणतो, महिन्याचं एकदम.

कुठे गेला होतात, मी विचारलं. ते खूप दिवसांनी माझ्याकडे बघून बोलले.

"गिरणीपाशी बसलो होतो. आपलं घर अजून आलं नाही. रोज थोडं थोडं येतंय."

४

मी मेकॅनिक माणूस. घाबरण्याआधी स्क्रू उघडून बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर घेऊन ब्लॉक सातमध्ये गेलो. जोडण्या तपासल्या. काळ्या चौकोनाच्या चार प्लेटा काढून दहा ओळी पलीकडे लावल्या आणि तिथल्या चांगल्या प्लेटा इथे. बिघाड प्लेटेत असता तर प्लेटेबरोबर गेला असता. बारा वाजायच्या सुमाराला स्क्रीनवर बघितलं, काळं जिथल्या तिथेच होतं. म्हणजे बिघाड प्लेटेत नव्हता, जागेत होता.

मग मी कंप्युटरच्या नोंदीतून सोमवारपासूनचे रोजचे फोटो काढले, स्क्रीनचे. पाच दिवसांचे पाच फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पहिल्या दिवशी दोन चौकोन. मग तीन. मग एक काटकोन, त्याला लागून एक लांब पट्टी. शुक्रवारच्या फोटोत पट्टीच्या एका बाजूला तीन ठोकळे, मध्ये बोळाएवढी हिरवी फट. मी बराच वेळ बघत बसलो. मग फोटो उलटे फिरवले, कारण स्क्रीनवर उत्तर वर असते आणि आम्ही गल्लीत शिरायचो ते उत्तरेकडून.

काटकोन म्हणजे गिरणी आणि तिचा पुढचा पत्रा. पट्टी म्हणजे गल्ली. पहिला ठोकळा न्हाव्याचं घर, दुसरा मास्तरांचं, तिसरा विधवा काकूंचं, ज्यांच्या घराची पडवी जरा पुढे आलेली होती. ती पुढे आलेलीच दिसत होती. काकूंच्या पुढचं घर आमचं.

मी स्वतःला समजावलं. प्लेटांखाली गावाचे जुने पाये राहिले असतील. पायांमुळे जमीन गार राहत असेल, गार जमिनीमुळे वरच्या हवेत काहीतरी होत असेल. काय होत असेल ते मला सांगता येईना. पाच दिवस ठराविक वेळी येणारं आणि ठराविक वेळी जाणारं काहीतरी असेल, बस्स. अडाणी माणसं याला नावं ठेवतात आणि शिकलेली माणसं याला मोजतात, असं मी मोठ्याने म्हटलं. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज बरा वाटला नाही.

५

शनिवारी सुट्टी होती. बायकोला म्हटलं, आज दाराला आतून कुलूप लाव. बाबा दारापाशी येऊन उभे राहिले. आरडाओरडा नाही, काही नाही. कडीवर हात ठेवून नुसते उभे, आणि डोळ्यांतून पाणी. पंधरा मिनिटं बायकोने पाहिलं आणि मग किल्ली काढली. म्हणाली, "ते माणूस आहेत, गोठ्यातलं जनावर नाही. तुम्ही जा त्यांच्याबरोबर. बघा तरी काय आहे ते."

मी त्यांच्या मागोमाग गेलो. ऊन मी म्हणत होतं. कुंपणाची तार जिथे वाकलेली आहे तिथून ते सहज आत शिरले आणि प्लेटांच्या ओळींमधून चालू लागले. प्लेटा खांद्यापर्यंत येतात, त्यामुळे पुढे फक्त त्यांची टोपी दिसत होती. ते सरळ जात नव्हते. एके ठिकाणी वळसा घातला, एके ठिकाणी वाकून गेले, जसं बुटक्या दारातून जावं लागतं. तिथे वाकण्यासारखं काही नव्हतं. मीही वाकलो. का वाकलो ते विचारू नका.

ब्लॉक सातमध्ये पाऊल टाकलं आणि पाठीवरचं ऊन गेलं. वर बघितलं तर सूर्य होता तिथेच होता, पांढरा, डोळे दिपवणारा. पण माझ्या हातावर ऊन नव्हतं. इन्व्हर्टरची घूं-घूं दिवसभर कानात बसलेली असते, ती थांबली, आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी सुरू झालं. फट्-फट्-फट्, पट्टा सैल झालेल्या गिरणीचं. तो पट्टा सैल आहे हे गिरणीवाल्याला लोक वर्षानुवर्षं सांगत होते. गिरणीवाल्याला जाऊन आता आठ वर्षं झाली.

बाबा एका खांबाला टेकून खाली बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आपली पाळी येण्याची वाट बघत बसावं तसे. मला त्यांच्याकडे बघायचं होतं, पण नजर शेजारच्या प्लेटेवर गेली. प्लेट म्हणजे काचच. तिच्यात आकाश दिसायला हवं होतं. तिच्यात वाशे दिसत होते. काळपट लाकडी वाशे, कौलांची खालची बाजू, आणि एका खिळ्याला टांगलेला कंदील. मी मान वर केली. वर काही नव्हतं, नुसतं निळं.

मी बाबांना दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ ओढत बाहेर आणलं. ते आले, कुरकुर न करता. उन्हात आल्यावर त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवर थोपटलं, मी लहान असताना थोपटायचे तसं. "घाबरू नकोस," म्हणाले. "सोमवारी आपलं येईल."

त्या दिवशी घरी आल्यावर मला थंडी वाजत होती. बायकोने दोन चादरी घातल्या.

६

सोमवारी सकाळी शहरातून साहेबांचा फोन आला. ब्लॉक सातमध्ये दुपारची वीज कमी येतेय, तो ब्लॉक तिकडून बंद करून टाक, आठवड्याभरात माणसं पाठवून प्लेटा उचलतो, म्हणाले. मला एकदम हलकं वाटलं. माझ्या मनात दोन दिवस हेच चाललं होतं. हे सगळं सुरू झालं ते स्क्रीनवर. मोजणंच बंद केलं तर कदाचित ते येणारच नाही. यंत्राची सवय असलेला माणूस दुसरा काय विचार करणार?

म्हटलं, सावली यायच्या आधीच बंद करू. पण तोवर गेटवर टँकर आला, त्याच्या पावतीवरून वाद झाला, आणि परत येऊन खुर्चीत बसलो तेव्हा बाराला आठ मिनिटं होती. बायकोला फोन लावला. बाबा कुठे आहेत? समोरच बसलेत, म्हणाली, शेंगा सोलतायत. मी निर्धास्त झालो.

चौकोन काळे व्हायला लागले. गिरणी. गल्ली. न्हावी, मास्तर, काकूंची पडवी. आणि मग सावकाश, कोणीतरी खडू आडवा धरून रंगवतंय तसं, आमचं घर. ओटा, मधली खोली, मागचं न्हाणीघर, सगळं मापात. ज्या घरात मी जन्मलो ते घर मी वरून कधी पाहिलं नव्हतं.

मग गल्लीतला एक चौकोन जास्त काळा झाला. तो उजळला आणि पुढचा काळा झाला. मग त्याच्या पुढचा. कोणीतरी गल्लीतून चालत होतं, सावकाश, मध्ये थांबत. ते आमच्या ओट्यापाशी आलं, ओट्यावर चढलं आणि आत गेलं.

मी घाबरून बटण दाबलं. पूर्ण ब्लॉक राखाडी झाला. घर, गल्ली, गिरणी, काहीच राहिलं नाही. पत्र्याच्या डब्यात एसीचा आवाज येत राहिला.

दोन मिनिटांनी फोन वाजला. "अहो," बायको म्हणाली, "मी मीठ आणायला आत गेले आणि आले, एवढंच. बाबा तुमच्याकडे आलेत का?"

दोन मिनिटांत दोन किलोमीटर कोणी जात नाही. मी तसं तिला म्हणालो. पण मी धावत होतो, फोन कानाला लावून, ब्लॉक सातकडे.

तिथे ऊन होतं. सगळीकडे सारखं, रणरणतं. आमच्या ओट्याच्या जागी, दोन ओळींच्या मध्ये, त्यांच्या चपला होत्या, जोडीने नीट काढून ठेवलेल्या, आणि हाताला चटका बसेल इतक्या तापलेल्या. दाराशी काढतो तशा.

७

संध्याकाळपर्यंत सगळी वसाहत शोधत होती. मावशीच्या बायकांनी ओळ न् ओळ पालथी घातली. पोलिसांनी माझा जबाब घेतला आणि मी सगळं सांगितलं, म्हणजे त्यांना समजेल तेवढं. म्हातारा माणूस, विसराळू, उन्हात भरकटला असेल, असं त्यांनी लिहून घेतलं. बायको रडली नाही. शेंगांचं पातेलं तिने तसंच ठेवलंय.

रोज ते परत यायचे, सावली गेली की. त्या दिवशी ते आत असताना मी सावली जाऊ दिली नाही, बंद केली. यातून काय अर्थ काढायचा ते मला कळत नाही, आणि ज्याला कळतं म्हणून सांगाल त्याच्याकडे मी जाणार नाही. मी एवढंच केलं की मंगळवारी सकाळी, साहेबांना न विचारता, तो ब्लॉक पुन्हा चालू केला.

पावणेबारापासून मी तिथे उभा होतो, ओट्यापासून दोन पावलांवर. उन्हाने डोकं भणभणत होतं. मग पायाकडून गारवा आला. घूं-घूं थांबली, गिरणी सुरू झाली. मी डोळे वर करणार नव्हतो, तसं ठरवूनच आलो होतो. समोरच्या काचेतच बघत राहिलो. काचेत दाराची चौकट होती, दार अर्धं लोटलेलं. आत अंधार, आणि अंधारात शिलाई मशीनचं चाक फिरल्याचा आवाज, त्यावर हात असल्यासारखा, स्थिर. बाबांचे हात गेली सहा वर्षं थरथरत होते.

मी हाक मारली. "बाबा."

मशीन थांबलं. पावलं दारापाशी आली. काचेत मला त्यांचे पाय दिसले, घोट्यापर्यंतच, अनवाणी, आणि धोतराची कड. आवाज त्यांचाच, पण असा खणखणीत की मी तो विसरूनच गेलो होतो.

"कोण आहे?"

मी म्हटलं, मी. म्हटलं, तुमच्या मुलाला ओळखलं नाही का? घरी चला.

ते हसले, ओळख नसलेल्या माणसाने भलतंच काही म्हटल्यावर हसावं तसं. "मुलगा कामावर गेलाय," ते म्हणाले. "जेवायला येईलच एवढ्यात. आम्ही थांबलोय त्याच्यासाठी. तुम्ही कोण?"

'आम्ही' म्हणाले. आतून भांड्याचा आवाज आला, कोणीतरी ताट मांडल्याचा. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.

मला सांगायचं होतं. कागद मीटरचा नव्हता हे सांगायचं होतं, पाया पडायचं होतं. दोन पावलं पुढे टाकली असती तर ओट्यावर पोहोचलो असतो. पण ज्या मुलासाठी ते थांबले होते त्याने कागद पुढे केलेलाच नव्हता. तो मी नव्हतो. मला तिथे उभं राहून हे स्वच्छ कळलं, आणि तोंडून भलतंच निघालं.

"कंपनीचा माणूस आहे," मी म्हणालो.

काचेतले पाय क्षणभर हलले नाहीत.

"मग तो आल्यावर या," बाबा म्हणाले. "त्याला विचारल्याशिवाय आम्ही कशावर सही करत नाही."

दार लोटलं गेलं, आणि आतून कडी लागल्याचं मी ऐकलं.